पाडव्याला मोडलेलं साल

फाल्गुन सरायला आला की आमच्या अंगणातल्या लिंबाला फुलोरा येतो आणि माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता याची सवय झाली आहे. बायको म्हणते, "पाडवा जवळ आला वाटतं, तोंड कडू झालंय तुमचं." लोक पाडव्याला लिंबाचा पाला खाऊन तोंड कडू करतात, माझं पंधरा दिवस आधीच झालेलं असतं.

यंदा त्यात पुतण्याची भर पडली. तो पुण्याला इंजिनियरिंगला आहे. परीक्षेचा अभ्यास शांततेत करायचा म्हणून आमच्याकडे परभणीला आला आणि सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर अमेरिकेतलं बास्केटबॉल बघत बसू लागला. परवा त्याचा मित्राशी फोनवर वाद चालला होता. कुणी एक मोठा खेळाडू आहे म्हणे, साखळीच्या सामन्यांत धो धो गुण काढतो, पण बाद फेरी आली की गळाठतो. त्याचा करार संपतोय. पुतण्याचं मत एकच, त्याला सोडून द्यायला पाहिजे.

मी विचारलं, "त्याला लेकरंबाळं किती रे?"

"काय माहीत, काका. कोट्यधीश माणूस आहे तो. सोडला तरी त्याला काय फरक पडतो?"

खरं आहे. त्याला फरक पडत नसेल. ज्याला पडला तो माणूस मी पाहिलेला आहे, त्याच्या ताटात जेवलेलो आहे. पुतण्याला ते सांगायला गेलो, तर तोवर त्याचं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं. मग म्हटलं, लिहून टाकावं.

आमचं गाव पिंगळी स्टेशनपासून बैलगाडीच्या वाटेनं तासाभरावर. जमीन काळी, हट्टी. पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये अख्खी काठी गिळते. संक्रांत झाली की ज्वारी काढणीला यायची, करडई वाळून काट्यांवर यायची आणि त्याच वेळी कबड्डीचा हंगाम सुरू व्हायचा. दिवसभर करडई उपटून हाताची सालटी निघालेली असायची. तेच हात दुपार कलल्यावर एकमेकांच्या हातात गुंफून आम्ही साखळी धरायचो. शाळेमागच्या मैदानावर पाणी शिंपडून, धुम्मस करून, फक्कीनं रेषा मारलेल्या असायच्या. ओल्या काळ्या मातीचा आणि वाळत्या कडब्याचा वास एकत्र आला की अजूनही माझ्या गुडघ्यांना काहीतरी होतं. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतात.

मी डावा कोपरा खेळायचो आणि कप्तानही होतो. कप्तान कसला, बी.ए.पर्यंत शिकलेला एकटाच होतो म्हणून पंचांशी बोलायला पुढं करायचे. खरा संघ म्हणजे भानुदास.

भानुदास दिसायला अगदीच बेताचा. बुटका, पायांच्या काड्या, कान तेवढे मोठे. पण चढाईला निघाला की समोरच्या सात जणांची तोंडं सुकायची. दुसरे चढाईवाले ओरडत जातात, हा पुटपुटत जायचा. त्याचा तो "कबड्डी कबड्डी" म्हणजे बाई जात्यावर बसून स्वतःशी बोलते ना, तसा. मागे वळल्यासारखं करायचा आणि पाठीमागे अशी लाथ टाकायचा, की कुणाला कुठं लागली हे त्या माणसालाही पंचानं सांगावं लागे.

तो आबासाहेबांकडे सालगडी होता. आबा म्हणजे गावातले सर्वांत मोठे जमीनदार आणि आमच्या संघाचे मालक. आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. त्या दिवशी मालकाच्या ढेलजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, गडी येऊन बसतात. किती ज्वारी, किती कपडे, जोड्याचं काय, सगळं ठरतं. ठरलं की मालक पानसुपारी देतो, आणि माणूस वर्षभराचा बांधला जातो. आबांनी भानुदासला गडी म्हणून ठेवला होता खरा, पण नांगरट त्याला नव्हती. गोठा बघायचा, आणि हंगामात रोज तांब्याभर दूध. बाकीचे गडी जळायचे. म्हणायचे, "आमी नांगर ओढायचा आन ह्यो दूध पिऊन उड्या मारायचा."

पण या सालात एक गोष्ट न बोलता धरलेली असते. गड्याबरोबर त्याची बायकोही धरलेली असते. मालकाच्या वाड्यातलं शेण काढणं, झाडलोट, पाणी भरणं हे तिच्याकडे, फुकट. पानसुपारी नवऱ्याच्या हातात पडते, शेणाची पाटी बायकोच्या डोक्यावर येते. कौसल्या, भानुदासची बायको, हे वर्षानुवर्षं करत होती. त्याआधी दोघं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जायची. त्यांचं पहिलं लेकरू उसाच्या फडावर, पाचटाच्या खोपीत, पौषाच्या थंडीनं गेलं. त्यानंतर भानुदासनं ठरवलं होतं, काही झालं तरी कोयता पुन्हा हातात धरायचा नाही. गावात राहायचं तर साल पाहिजे, आणि साल टिकायचं तर खेळ टिकला पाहिजे. दुसरी पोर झाली तेव्हा तो मला म्हणाला होता, "हिला फड दावायचा न्हाई बग." त्याला आयुष्यात एवढंच पाहिजे होतं. फार मोठं नव्हतं.

मी सांगतोय ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या शेवटाशेवटाची. आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही, पण तेव्हा एका नावावरून गावं मधोमध चिरली होती. कधी एस.टी. बंद, कधी बाजार बंद. आमच्या संघात बौद्धवस्तीवरचे दोन गडी होते. त्यातला उत्तम माझा साखळीचा जोडीदार. त्याचा डावा हात माझ्या उजव्या हातात असे आणि कोणत्या क्षणी झेप घ्यायची हे त्याच्या बोटांच्या दाबावरून मला कळे. त्या हिवाळ्यात ते दोघं सरावाला यायचे थांबले. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नाही, कुणी या असंही म्हटलं नाही. मी एकदा उत्तमच्या घरी गेलो. त्यानं चहा पाजला, पिकापाण्याचं विचारलं. निघताना म्हणाला, "दत्ता, तुज्यासंगं हात धरायला मला काई न्हाई रे. पन बाकीच्यांचे हात तुला दिसंनात का?" मला दिसत होते.

त्यांच्या जागी जे दोघं घेतले ते घोड्यासारखे धावायचे आणि घोड्याइतकंच त्यांना कळायचं. आमची पकड ढिली पडली. मग सगळा भार भानुदासवर. चढाईही त्यानंच करायची, पकडीलाही त्यानंच पुढं व्हायचं. साखळीचे सामने त्यानं एकट्यानं ओढून नेले. महाशिवरात्रीच्या जत्रेतल्या फायनलपर्यंत तो आला तेव्हा त्याच्या मांडीत सतत गोळा येत होता. शेवटच्या चढाईला तो दोघांना शिवून परत फिरला आणि मध्यरेषेपाशी पडला. हात लांब केला. बोट रेषेपर्यंत पोचलं नाही. मी तिथंच उभा होतो. बोटांची नखं मातीत रुतत होती आणि दम संपला होता.

त्याच्या आदल्या वर्षीही आम्ही फायनल हरलो होतो आणि तेव्हाही शेवटी तोच पकडला गेला होता. त्यामुळे गावात म्हण झाली, साखळीत वाघ आणि फायनलला शेळी. पोरं त्याला बघून बें करायची. ज्यांनी जन्मात रेषेच्या आत पाय टाकला नव्हता ते पारावर बसून त्याचे पाय कुठं चुकले ते सांगायचे. पुतण्या आज तेच करतो, फक्त त्याच्याकडे पार नाही, मोबाइल आहे.

पाडव्याला मी आबांच्या ढेलजेत होतो. कप्तान म्हणून बोलावलं होतं. गुढी उभी राहिलेली, साखरेच्या गाठी उन्हात चमकत होत्या, मुंग्या लागल्या होत्या. आबांची बैलाची पारख सात गावांत नावाजलेली. ते बैलाच्या तोंडात बोट घालून त्याचं वय सांगायचे, आणि माणसाकडेही त्याच नजरेनं बघायचे. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. त्यांना दुसरी नजरच नव्हती.

भानुदास खाली बसला होता. म्हणाला, "मालक, ज्वारी हाय तेवढीच ऱ्हाऊ द्या. कपडे नका देऊ. पन कौशीचं शेणपानी तेवढं सुटू द्या. पोर ल्हान हाय, तिला टाकून यावं लागतंय."

आबा हसले. "फायनलची ढाल आनली आसतीस तर म्या इचार केला आसता. न्हाई आनली, आन वर मागायलास."

"औंदाच्याला आनतो."

"गेल्या पाडव्याला बी ह्येच बोललास." मग ते आमच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नांगराचा बैल येगळा, शंकरपटात पळायचा येगळा. पटाचा बैल दम हाय तंवर बाजारात दावावा. उतार लागला म्हंजी कुनी इचारत न्हाई. काय कप्तान?"

मी म्हणालो, "आबा, पकडीला दोन गडी नव्हते. उत्तम असता तर तो शेवटचा डाव आलाच नसता. एकट्यानं किती—"

"त्यो इषय हिथं काढू नगं," आबा म्हणाले. अगदी शांतपणे. ज्यामुळे आम्ही हरलो ते सगळ्यांना माहीत होतं आणि ते सोडून बाकी सगळ्या गोष्टींची पारख चालू होती. शेणपाण्यावरून बोलणं अडलं ते अडलंच. आबा एक पाऊल मागे येईनात आणि भानुदासही, आयुष्यात पहिल्यांदाच, येईना. पानसुपारीचं तबक त्याच्यासमोरून पुढच्या गड्याकडे सरकलं.

मी शेतकऱ्याच्या घरातला. शेवटच्या दिवशी गारा पडून हातातोंडाशी आलेली ज्वारी आडवी झालेली मी पाहिली आहे. तेव्हा माझा बाप बांधावर बसून रडला, पण जमिनीला कुणी नालायक म्हणालं नाही. पुढच्या मृगाला पुन्हा तिच्यातच पेरलं. जमिनीला जी सवलत असते ती माणसाला का नसते, हे मला त्या वयात कळलं नाही. आता साठीकडे झुकलोय, अजून कळलेलं नाही.

त्याच दुपारी मानवतचे एक शेटजी जीप घेऊन आले. कापसाचे अडते, स्वतःचं जिनिंग. आबांनी भर मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, वजनावरून त्यांचा पाणउतारा केला होता, तो त्यांनी गाठीला बांधून ठेवला होता. त्यांनीही एक संघ उभा केला होता. भानुदासला ते म्हणाले, "मोंढ्यात काम देतो. गोदामामागं खोली देतो. मला फक्त आबाला फायनलमध्ये पाडायचंय." कौसल्यानं एकच प्रश्न विचारला, त्यांच्या घरी गाईम्हशी किती. शेटजी म्हणाले, एकही नाही, दूध विकत घेतो. ती तिथल्या तिथं बोचकं बांधायला उठली.

दिवाळीनंतर कापूस घालायला मी मानवतला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जेवलो. पत्र्याची खोली, पण सारवलेली. तेलाच्या डब्यात तुळस लावली होती. पोर कापसाच्या ढिगावर लोळून आली होती, केसांत सरकी अडकलेली. कौसल्या एकेक सरकी वेचत होती आणि हसत होती. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. भानुदासनं मला ताटातच ओढलं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि लोणी. लोणी त्यानं सगळं माझ्याच बाजूला लोटलं.

"शेटजी म्हनलेत, ढाल आन, मंग जलमभर हिथंच ऱ्हा," तो म्हणाला.

"तसं म्हणाले?"

"आसंच म्हनले. लय चांगला मानूस हाय, दत्ता. फायनलचं तेवढं बगाया पायजे."

ती संक्रांत आली आणि विद्यापीठाला अखेर नाव मिळालं. वस्तीवर रात्रंदिवस गाणी चालली होती, गावात दारं लावलेली होती. उत्तम परत येईल असं मला वेड्यासारखं वाटत होतं. त्यानं वस्तीवरचा स्वतःचा संघ काढला. बरोबरच केलं त्यानं. पण माझा उजवा हात तेव्हा रिकामा झाला तो रिकामाच राहिला.

फायनलला आम्ही आणि मानवतवाले समोरासमोर आलो. जत्रेत बैलगाड्यांचा वेढा पडला होता. आबा त्यांच्या गाडीवर लोडाला टेकून बसले होते, पलीकडे शेटजींची जीप. शेवटची चढाई भानुदासची. पुटपुटत आला. त्या लाथेची खूण मला ठाऊक होती, लाथ टाकण्याआधी तो डावा खांदा किंचित पाडतो. खांदा पडला आणि मी त्याच्या घोट्यावर झेपावलो. धरला. घट्ट धरला, माझ्या गावासाठी जीव लावून धरला. आणि तो मला घेऊन सरकत गेला. त्याचं पुटपुटणं माझ्या कानात येत होतं, बारीक, तुटक, तरी चालू. या खेपेला बोट रेषेच्या पलीकडे गेलं.

आम्ही दोघं मातीत पडलो होतो. त्याच्या दातांत माती होती आणि तो हसत होता. मला म्हणाला, "लागलं का रं?" मग त्याला लोकांनी उचललं. खरं सांगतो, हरल्याचं दुःख मला झालं नाही. मला वाटलं, सुटला बिचारा. आता त्याचं मोल कुणी काढणार नाही.

शेटजींनी ढाल जीपच्या बॉनेटवर बांधली आणि मुद्दाम आमच्या गावातून गुलाल उधळत नेली. आणि संपलं. जे पाहिजे होतं ते त्यांना मिळालं. आता कुणाला हरवायचं? आबांनी तर आमचा संघच मोडला होता. शेटजींनीही आपला मोडला. कबड्डीच्या नावाखाली मोंढ्यात घुसवलेल्या माणसाला तिथल्या हमालांनी तरी का ठेवून घ्यावं, त्यांच्या टोळ्या ठरलेल्या. गोदामामागची खोली सरकीच्या पोत्यांना लागत होती. शेटजींनी भानुदासच्या गळ्यात हार घातला, बायकोला लुगडं दिलं आणि निरोप दिला.

पाडव्याला तो आबांच्या दारात आला तेव्हा मी तिथं होतो. कौसल्या मागे, पोर कडेवर. अंगावर शेटजींचंच लुगडं होतं, दुसरं धड नव्हतं. भानुदास काही मागत नव्हता. उलट म्हणाला, "मालक, कौशी शेणपानी करती म्हनली."

आबांनी त्याला पायांपासून खांद्यापर्यंत न्याहाळलं. मग मला ज्याची अपेक्षा नव्हती ते बोलले. "भान्या, माजी पारख चुकली. चार मानसांत कबूल करायलोय. तू फायनलचाच गडी हायेस."

भानुदासचा चेहरा उजळला.

"पन आता तुला ठिवू कसा?" आबा म्हणाले. "समद्या जत्रंदेखत तू मला पाडलंस. तुला पुन्यांदा दारात घेतलं तर लोक म्हनतील, आबा हरला आन पाया पडला. आन साल तर दुसऱ्याला दिऊन बसलो." त्यांनी तबकातलं एक पान उचललं, त्याच्याकडे दिलं. सालाचं नव्हे, नुसतं सणाचं. भानुदासनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

आम्ही शाळेच्या ओट्यावर येऊन बसलो. मैदानावर फक्कीच्या रेषा पुसट राहिल्या होत्या आणि त्यांच्यावर लिंबाची फुलं पडत होती. घराघरांतून पुरणाचा वास येत होता. भानुदास पान हातात धरून बसला होता, खातही नव्हता, टाकतही नव्हता. मग म्हणाला, "दत्ता, तू शिकलेला हायेस म्हनून इचारतो. हारलो तवा काढलं. जितलो तवा बी काढलं. मंग खेळायचं कसं आसतं?"

मी ओट्यावर पडलेली लिंबाची फुलं एकेक करून झटकत राहिलो.

कौसल्या इतका वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत होती. ती उठली. लुगड्याचा पदर खोचला, पोरीला कडेवर घेतलं.

"चला," ती म्हणाली, "ऊन उतरायच्या आत मुकादमाकडं जाऊन येऊ. त्यो कोयता देताना इचारनार न्हाई, फायनलला काय केलंस म्हनून."